स्थानिक स्वराज्य संस्थांची तिजोरी : कायद्यातले ‘देता येईल’ आणि अंदाजपत्रकातली तूट

(पक्षसभासद व लोकप्रतिनिधी यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



स्थानिक स्वराज्य संस्थांपुढील कायद्याचे व अर्थव्यवहाराचे प्रश्न, असा विषय मला देण्यात आला आहे. विषय रूक्ष आहे. नळाला पाणी नाही, गटार तुंबले आहे, शाळेत शिक्षक नाही, यासाठी मोर्चा काढणे आपल्या सवयीचे आहे. परंतु मोर्चा पोहोचल्यावर आयुक्त, मुख्याधिकारी किंवा ग्रामसेवक जेव्हा शांतपणे सांगतो की ‘निधी नाही’ किंवा ‘कायद्यात तरतूद नाही’, तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजण निरुत्तर होतात. ही दोन्ही उत्तरे बहुधा खोटी नसतात. ती खरी कोणी व कशी करून ठेवली, एवढाच आज माझ्या बोलण्याचा विषय आहे.

मी कायदेपंडित नाही. पक्षाच्या कागदपत्रांचे मराठी भाषांतर करणे हे माझे रोजचे काम. त्यामुळे एखाद्या वाक्यातले क्रियापद कोणते आहे, ‘देईल’ आहे की ‘देता येईल’ आहे, हे पाहण्याची सवय जडली आहे. ती सवय येथे उपयोगी पडते. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी आणि ७४ वी १ जून १९९३ रोजी अमलात आली. पंचायती व नगरपालिका यांना घटनेत स्थान मिळाले. या दुरुस्त्यांत जेथे निवडणुकीचा प्रश्न आहे तेथे भाषा आज्ञेची आहे: मुदत पाच वर्षे, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे. अनुसूचित जाती-जमाती व स्त्रिया यांच्या राखीव जागांबाबतही भाषा आज्ञेचीच. परंतु अधिकार आणि पैसा यांचा प्रश्न आला की क्रियापद बदलते. अकराव्या अनुसूचीत पंचायतींसाठी २९ विषय, बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांसाठी १८ विषय, ही यादी मोठी. पण त्यांपैकी कोणते विषय द्यावयाचे हे राज्य विधिमंडळाच्या मर्जीवर. कर बसविण्याचा अधिकार अनुच्छेद २४३-एच आणि २४३-एक्स यांत सांगितला आहे. तेथेही विधिमंडळाला तो कायद्याने ‘देता येईल’. दिलाच पाहिजे, असे नाही.

याच्याही मुळाशी एक गोष्ट आहे. घटनेच्या सातव्या अनुसूचीत संघ सूची आहे, राज्य सूची आहे, समवर्ती सूची आहे. चौथी सूची नाही. महापालिका किंवा ग्रामपंचायत जो कर घेते तो वस्तुतः राज्याचा कर असतो. राज्याने तो वापरण्यास दिलेला असतो. जो दिला तो परत घेता येतो, कमी करता येतो, त्याच्या जागी अनुदान देता येते, आणि अनुदान उशिरा देता येते. गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास हा या परत घेण्याचा इतिहास आहे.

नगरपालिकेचा पैसा कोणावर खर्च व्हावा हा वाद मात्र महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. १८८० साली व्हाइसरॉय लॉर्ड लिटन याच्या स्वागताप्रीत्यर्थ हजार रुपये खर्च करण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोधी मत देणारे ते एकटेच होते. हा पैसा शिक्षणावर खर्च करा, असे त्यांचे म्हणणे. शहराला नवी मंडई बांधण्याच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. तीच मंडई आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. सरकारने नेमलेला सभासद असूनही सरकारविरुद्ध मत देता येत होते, कारण ज्या पैशावर मत द्यायचे तो निदान त्या सभेपुढे येत होता. आज पुष्कळ पैसा सभेपुढे येतच नाही. तो कसा येईनासा झाला ते आता पाहू.

सुरुवात जकातीपासून करावी लागेल. राज्य सूचीतील नोंद ५२ अन्वये स्थानिक क्षेत्रात उपभोग, वापर किंवा विक्री यांसाठी येणाऱ्या मालावर कर घेता येत असे. जकात हा आदर्श कर होता असे कोणी म्हणू नये. तो अप्रत्यक्ष कर होता, त्याचा भार शेवटी गिऱ्हाइकावर, म्हणजे बव्हंशी कष्टकऱ्यावर पडत होता, आणि नाक्यानाक्यावर मालमोटारी तासन् तास उभ्या राहत, त्या ठिकाणी काय चालत असे हे चालकांना विचारावे. परंतु त्याचे दोन गुण होते. तो दररोज रोख मिळे. आणि शहरात उद्योग व व्यापार वाढला की कोणाची परवानगी न घेता तोही वाढे. महापालिकेला मुंबईकडे किंवा दिल्लीकडे हात पसरावा लागत नसे.

मध्य प्रदेशाने १९७६ साली जकात रद्द केली, कर्नाटकाने १९७९ साली. दोन्ही ठिकाणी राज्याने प्रवेश कर बसविला आणि त्यातून पालिकांना भरपाई देण्याची व्यवस्था केली. गुजरातेत महापालिकांची जकात २००७ साली गेली. इंदूर, बेळगाव व बडोदे येथील साथींना हा अनुभव आमच्याआधी आला. महाराष्ट्रात नगरपरिषदांची जकात १९९९ साली बंद झाली. महापालिकांमध्ये २०१० पासून टप्प्याटप्प्याने स्थानिक संस्था कर आला, ज्याला सर्वजण एलबीटी म्हणत. व्यापाऱ्यांनी त्याविरुद्ध दुकाने बंद ठेवली, आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून मुक्त करण्यात आले. मुंबईत मात्र जकात ३० जून २०१७ च्या मध्यरात्रीपर्यंत चालू होती. १ जुलैला वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुलुंड, दहिसर येथील नाके थंडावले.

२०१६ च्या १०१ व्या घटनादुरुस्तीने नोंद ५२ वगळली. हे सर्वांना माहीत आहे. त्याच दुरुस्तीने नोंद ५५, म्हणजे जाहिरातींवरील कर, हीही वगळली, याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले. करमणूक कर मात्र नोंद ६२ मध्ये पंचायती व नगरपालिका यांच्यापुरता शिल्लक ठेवला आहे. तोही राज्याने कायदा करून दिला तरच. पुन्हा तेच ‘देता येईल’.

आता भरपाईचा हिशेब पाहावा, कारण वर्गीय राजकारण पुष्कळदा टक्केवारीच्या रकान्यात लपलेले असते. वस्तू व सेवा करामुळे राज्यांचे जे उत्पन्न बुडणार होते त्याची भरपाई करताना २०१५-१६ हे पायाभूत वर्ष धरून दरसाल १४ टक्के वाढ गृहीत धरण्यात आली. राज्यांनी ती भांडून मिळविली, आणि ते योग्यच होते. परंतु महाराष्ट्र शासनाने २०१७ साली महापालिकांच्या भरपाईचा स्वतंत्र कायदा केला तेव्हा २०१६-१७ हे पायाभूत वर्ष आणि वाढ दरसाल ८ टक्के. शंभर रुपये घ्या. चौदा टक्क्यांनी पाच वर्षांत त्याचे सुमारे १९२ होतात. आठ टक्क्यांनी सुमारे १४७. राज्याने स्वतःसाठी एक माप वापरले आणि आपल्या शहरांसाठी दुसरे. राज्यांची भरपाई जून २०२२ मध्ये संपली आणि महापालिकांचे अनुदान त्यानंतरही चालू राहिले, हे खरे. पण शहराचे पाणी, कचरा, इस्पितळे यांचा खर्च कोणत्या दराने वाढतो हे विचारणारा कोणी त्या कायद्यात नाही.

जुलै २०१७ मध्ये मुंबई महापालिकेला भरपाईचा पहिला धनादेश मिळाला तो सुमारे ६४७ कोटी रुपयांचा. वर्षाला जवळपास ७,७०० कोटी होतात. तो समारंभपूर्वक देण्यात आला. जी महापालिका आदल्या आठवड्यापर्यंत हेच पैसे स्वतःच्या नाक्यावर, स्वतःच्या पावतीने घेत होती, तिला ते आता अर्थमंत्र्यांच्या हातून स्वीकारावे लागले. रक्कम तीच असेल, परंतु हक्काचे अनुदान झाले. अनुदान देणारा अटी घालतो.

आणि हे ठरविणारी वस्तू व सेवा कर परिषद? अनुच्छेद २७९-ए प्रमाणे तीत केंद्रीय अर्थमंत्री, केंद्राचे राज्यमंत्री आणि राज्यांचे मंत्री आहेत. ज्यांचा कर काढून घेतला त्या महापालिका व पंचायती यांच्यासाठी एकही खुर्ची नाही. राज्यांचे हक्क केंद्राने हिरावले म्हणून आपला पक्ष लढतो. ती लढाई न्याय्य आहे. परंतु हेच राज्य खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या संस्थेशी केंद्रासारखे वागते, हेही आपल्याच व्यासपीठावरून बोलले गेले पाहिजे.

व्यवसाय कराची गोष्ट थोडक्यात सांगते. अनुच्छेद २७६ अन्वये हा कर राज्याला घेता येतो, तसाच स्थानिक संस्थेलाही. केरळ व तामिळनाडू येथे तो स्थानिक संस्थांकडे आहे. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने तो राज्याकडे गेला. रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करणे हे कारण होते, आणि दुष्काळानंतरच्या त्या काळात ते कारण लहान नव्हते. परंतु कमाल मर्यादा पाहा. वर्षाला २५० रुपयांची मर्यादा १९८८ च्या ६० व्या दुरुस्तीने २,५०० केली. त्यानंतर ती वाढलेली नाही. मोठ्या कंपनीचा व्यवस्थापक असो वा शाळेतील शिक्षक, वर्षाला अडीच हजारांच्या वर कोणालाच द्यावे लागत नाहीत. हा भांडवलदारांना मिळालेला सर्वांत कमी चर्चेचा आश्रय असावा.

मग स्थानिक संस्थेच्या हाती राहिले काय? घरपट्टी, म्हणजे मालमत्ता कर, आणि पाणीपट्टी. घरपट्टीला कायद्याचे तीन खिळे ठोकलेले आहेत. पहिला अनुच्छेद २८५ चा. केंद्र सरकारच्या मालमत्तेवर स्थानिक संस्थेला कर घेता येत नाही. एखाद्या रेल्वे जंक्शनच्या गावात उत्तम रस्त्यालगतची मोठी जमीन रेल्वेची असते. तिचे कर्मचारी गावाचे रस्ते, दिवे, गटारे वापरतात. पण कर नाही. राजकोट महापालिकेच्या खटल्यात २००९ साली सर्वोच्च न्यायालयापुढे असे ठरले की कर नसला तरी सेवांचा आकार द्यावा: पालिकेच्या सर्व सेवा घेतल्या तर मालमत्ता कराच्या ७५ टक्के, काही घेतल्या तर ५० टक्के, काहीच घेतल्या नाहीत तर ३३⅓ टक्के. आपले किती नगरसेवक आपल्या गावातील केंद्रीय कार्यालयांकडून हा आकार वसूल होतो काय, असा प्रश्न सभेत विचारतात? या एका प्रश्नाने लहान नगरपरिषदेच्या तिजोरीत फरक पडू शकतो.

दुसरा खिळा मूल्यांकनाचा. मुंबईत २०१० पासून भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर कर आकारण्याची पद्धत आली. मालमत्ताधारकांच्या संघटनेने नियमांना आव्हान दिले. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काही नियम रद्द ठरविले. जमिनीवर पुढे किती बांधकाम होऊ शकेल हे धरून आजचे मूल्य ठरविता येणार नाही, असा त्याचा एक मुद्दा होता. कायद्याची चौकट न्यायालयाने जशी वाचली तशी वाचली. परिणाम मात्र असा की भाव वाढण्याची वाट पाहत मोकळा ठेवलेला भूखंड, ज्याच्या आसपास महापालिकेने लोकांच्या पैशातून रस्ते व नळ नेले, तो त्या वाढीव किमतीच्या मानाने हलकाच राहतो. उपाय न्यायालयात नाही. तो विधिमंडळात आहे, कायदा नीट लिहिण्यात आहे, आणि विधिमंडळात जमीन व बांधकाम यांचे हितसंबंध किती जागा अडवून बसले आहेत हे मी सांगण्याची गरज नाही.

तिसरा खिळा घोषणांचा. मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ करण्याचा निर्णय राज्य पातळीवर झाला. आधी २०१९ मध्ये त्यातील सर्वसाधारण करापुरता, मग २०२२ पासून संपूर्ण. या सवलतीला आपला विरोध असण्याचे कारण नाही. त्या घरांतून आपलेच लोक राहतात. परंतु सवलतीचे श्रेय राज्यकर्त्यांनी घेतले आणि तूट महापालिकेच्या खात्यात लिहिली गेली. आलिशान मनोरे, मॉल, पंचतारांकित हॉटेले यांच्यावरील दर चढते ठेवून ती भरून काढा, ही मागणी त्याच दिवशी आपण केली पाहिजे. नाहीतर ती तूट पालिकेच्या इस्पितळातील औषधे कमी करून भरून काढली जाते.

अनुदानांविषयी दोन शब्द. राज्य वित्त आयोग दर पाच वर्षांनी नेमला पाहिजे, ही अनुच्छेद २४३-आय व २४३-वाय यांतील भाषा आज्ञेची आहे. अहवाल विधिमंडळापुढे ठेवावा, सोबत काय कार्यवाही केली याची टिप्पणी ठेवावी, हेही आज्ञेत येते. शिफारशी मान्य केल्याच पाहिजेत, असे मात्र कोठेही लिहिलेले नाही. केंद्राच्या पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या काळासाठी स्थानिक संस्थांना एकूण ४,३६,३६१ कोटी रुपये सुचविले. आकडा डोळे दिपविणारा आहे. पंचायतींच्या मूळ अनुदानापैकी ६० टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणी व स्वच्छता यांवरच खर्च करावयाची. उरलेल्या चाळीस टक्क्यांत गावाची निवड. शिवाय हिशेब संगणकावर टाकलेले असावेत, घरपट्टीचे किमान दर ठरलेले असावेत, आणि निवडून आलेली संस्था अस्तित्वात असावी, अशा अटी.

ही शेवटची अट महाराष्ट्रात फार महाग पडली. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इतर मागासवर्गीयांच्या राखीव जागांसाठी तीन कसोट्या लावल्या: स्वतंत्र आयोग, प्रत्येक संस्थेगणिक माहिती, आणि एकूण राखीव जागा ५० टक्क्यांच्या आत. मागासवर्गीयांचे प्रतिनिधित्व हा आपल्या दृष्टीने लोकशाहीचा प्रश्न आहे, न्यायालयीन तांत्रिक बाब नव्हे. माहिती गोळा करणे हे शासनाचे काम होते. ते वेळेत झाले नाही. त्यात प्रभागांची संख्या एका सरकारने वाढवावी व दुसऱ्याने पूर्ववत करावी, असा खेळ झाला. मुंबईचे २२७ प्रभाग २३६ झाले आणि २०२२ मध्येच पुन्हा २२७. निवडणुका लांबत गेल्या. नवी मुंबई, औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर), कोल्हापूर, वसई-विरार येथे २०२० पासून, मुंबईत मार्च २०२२ पासून प्रशासक बसला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कोठे डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांच्या व १५ जानेवारी २०२६ रोजी महापालिकांच्या निवडणुका झाल्या. पाच वर्षांच्या मुदतीची आज्ञा घटनेत असताना काही शहरांनी सुमारे सहा वर्षे लोकप्रतिनिधींवाचून काढली.

प्रशासकाचा कारभार म्हणजे काय, हे पैशाच्या भाषेत नीट समजून घेतले पाहिजे. आयुक्त अंदाजपत्रक मांडतो, स्थायी समिती ते तपासते, सर्वसाधारण सभा मंजूर करते, ही कायद्याची रीत. मुंबईत २०२३-२४, २०२४-२५ आणि २०२५-२६ या तिन्ही वर्षांची अंदाजपत्रके आयुक्ताने मांडली आणि प्रशासक म्हणून त्यानेच मंजूर केली. २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचे होते. देशातील काही लहान राज्यांच्या अंदाजपत्रकांपेक्षा ते मोठे आहे. ते मांडणारा हात आणि उचलला जाणारा हात एकच. या काळात जी दीर्घ मुदतीची कंत्राटे दिली गेली ती निवडून आलेल्या सभेवर पुढेही बंधनकारक राहतात. नव्याने निवडून आलेल्या आपल्या साथींनी पहिल्या काही महिन्यांत पाहावयाची गोष्ट हीच: प्रशासकाच्या काळातील देणी किती व कोणाची. सभा पुन्हा आली म्हणून सर्व अधिकार आले, असेही समजू नये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ याच्या कलम ४५१ खाली राज्य शासन महापालिकेचा ठराव निलंबित किंवा विखंडित करू शकते.

आता कामगारांकडे येऊ, कारण तिजोरीतली तूट अखेर त्यांच्याच पाठीवर उतरते. पालिकांनी आस्थापनेवरील खर्च ३५ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा दंडक महाराष्ट्र शासनाने घातला आहे. तो ओलांडला की भरतीला परवानगी नाही. कचरा मात्र रोज उचलावाच लागतो. मग काम कंत्राटदाराला जाते. मेख अशी की कायम सफाई कामगाराचा पगार ‘आस्थापना’ या शीर्षाखाली लिहिला जातो, कंत्राटदाराचे बिल त्या शीर्षाखाली येत नाही. हातगाडी तीच, झाडू तोच, गल्ली तीच. हिशेबाचा रकाना बदलला की कामगाराचे निवृत्तिवेतन, रजा आणि नोकरीची शाश्वती नाहीशी होते. मुंबईत २,७०० कंत्राटी सफाई कामगार आम्ही महापालिकेचेच कामगार आहोत हे सिद्ध करण्यासाठी औद्योगिक न्यायाधिकरणापासून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि एप्रिल २०१७ मध्ये जिंकले. तो विजय कामगारांचा आहे. पण दंडक जागेवरच राहिला.

तिजोरी रिकामी म्हणून कर्ज काढा, हा नवा उपदेश. अहमदाबाद महापालिकेने १९९८ साली राज्याच्या हमीवाचून १०० कोटींचे कर्जरोखे काढले, तेव्हा देशभर त्याचे कौतुक झाले. त्या रोख्यांना तारण काय होते? दहा जकात नाक्यांचे उत्पन्न. नऊ वर्षांनी जकातच गेली. पुण्याने जून २०१७ मध्ये ७.५९ टक्के व्याजाने २०० कोटी उभे केले. कर्ज सर्वकाळ वाईट असते असे नाही. पण तारण ठेवलेले उत्पन्न आधी वेगळ्या खात्यात जाते, रोखेधारकाचे व्याज भागते, आणि उरलेल्यातून इतर खर्च. त्याच धर्तीवर २०१५ च्या स्मार्ट सिटी योजनेत प्रत्येक शहरात कंपनी कायद्याखाली स्वतंत्र कंपनी काढली गेली. जागा शहराची, काम शहराचे, निर्णय संचालक मंडळाचे. योजना मार्च २०२५ मध्ये संपली. ज्या कामांची देखभाल आता पालिकेच्या गळ्यात आली आहे त्यांची यादी मागून घ्यावी.

कायद्याच्या मर्यादेत किती लढता येते, हा प्रश्न सकाळच्या सत्रात एका साथीने विचारला होता. यास लंडनमधील पॉपलर या गोदी कामगारांच्या विभागाचे उदाहरण आहे. पहिल्या महायुद्धानंतर तेथे बेकारी वाढली. बेकारांना मदत देण्याचा भार स्थानिक घरपट्टीवर होता. गरीब विभागात मालमत्ता हलकी म्हणून उत्पन्न कमी आणि बेकार जास्त. श्रीमंत विभागात नेमके उलट. शिवाय लंडनच्या कौंटी कौन्सिलला सर्व विभागांनी आपला वाटा भरावा लागे. १९२१ साली जॉर्ज लान्सबरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वाटा भरण्यास नकार दिला. ३० नगरसेवक सुमारे सहा आठवडे तुरुंगात गेले. त्यांत स्त्रिया होत्या, आणि नुकत्याच स्थापन झालेल्या कम्युनिस्ट पक्षाचे सभासदही होते. शेवटी सरकारला कायदा करून मदतीचा भार सर्व लंडनवर वाटावा लागला. हा लढ्याचा विजय. परंतु याच पॉपलरने आपल्या कामगारांना, पुरुष व स्त्रिया असा भेद न करता, आठवड्याला किमान चार पौंड वेतन दिले, तेव्हा लेखापरीक्षकाने आक्षेप घेतला आणि १९२५ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो उचलून धरला. समाजवादी विचाराने लोकांचा पैसा असा खर्च करणे न्यायाधीशांना बेकायदा वाटले. रस्त्यावर जे मिळाले ते कायद्याच्या पुस्तकात उतरले म्हणून टिकले. वेतनाचे उतरले नाही म्हणून ते गेले.

आपल्या देशात याच्या उलट दिशेने, म्हणजे वरून सत्ता खाली देण्याचा, एक मोठा प्रयोग झाला तो केरळात. १७ ऑगस्ट १९९६ रोजी डाव्या आघाडीच्या सरकारने लोकनियोजनाची मोहीम सुरू केली. मार्गदर्शक मंडळाचे नेतृत्व कॉम्रेड ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्याकडे होते. राज्याच्या योजनाखर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांना देण्याचे ठरले. नोकरशाहीचा सल्ला असा असतो की आधी क्षमता निर्माण करा, मग कायदा करा, मग पैसे द्या. तेथे क्रम उलटा केला. आधी पैसे दिले, गावोगाव ग्रामसभा भरल्या, आणि अनुभवातून सेन समितीच्या शिफारशींनुसार १९९९ मध्ये कायद्यात दुरुस्त्या झाल्या. महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक पंचायतीचा व नगरपालिकेचा वाटा राज्याच्या अंदाजपत्रकाच्या परिशिष्ट चार मध्ये नावानिशी छापला जाऊ लागला. मंत्र्याच्या मर्जीने दिलेला निधी आणि विधिमंडळाने छापून मंजूर केलेला निधी यांत काय फरक आहे, हे ज्याने एकदा तरी मंत्रालयाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्याला सांगावे लागत नाही. पश्चिम बंगालमध्ये तर १९७८ पासून, म्हणजे घटनेची आज्ञा येण्याच्या पंधरा वर्षे आधी, दर पाच वर्षांनी पंचायतींच्या निवडणुका होऊ लागल्या होत्या.

आपल्या मागण्या यातूनच निघतात. राज्य वित्त आयोगाच्या शिफारशी बंधनकारक करा. स्थानिक संस्थांचा वाटा राज्याच्या अंदाजपत्रकात संस्थेच्या नावाने छापा. वस्तू व सेवा कराच्या राज्याला मिळणाऱ्या हिश्शातून ठरावीक टक्के कायद्याने खाली द्या. व्यवसाय कराची मर्यादा वाढवा, पण वरच्या उत्पन्नांवर. आस्थापनेचा ३५ टक्क्यांचा दंडक रद्द करा. यांपैकी पहिल्या तीन मागण्यांसाठी घटनादुरुस्ती झाली तर उत्तमच, पण तिच्यासाठी थांबण्याचे कारण नाही. राज्यातील साधा कायदा पुरतो. व्यवसाय कराच्या मर्यादेला मात्र संसदेत घटनादुरुस्तीच लागेल.

शाखांनी तोपर्यंत काय करावे? ज्या गावात आपला एकही सभासद निवडून आलेला नाही तेथेही अंदाजपत्रक मिळविता येते; ते सार्वजनिक कागदपत्र आहे, आणि कोणी नाकारलेच तर २००५ चा माहितीचा अधिकार कायदा आहे. त्यात प्रथम जमेची बाजू पाहावी. स्वतःचा कर किती, राज्याचे अनुदान किती, त्यातले बंधित किती. मग गेल्या वर्षीचे सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांतील अंतर पाहावे. मंजूर झालेले पैसे कोणत्या वस्तीत खर्च झालेच नाहीत ते तेथे सापडते. शेवटी लेखापरीक्षण अहवाल. त्यातील भाषा किचकट असते. ज्यांना अडचण येईल त्यांनी तो आमच्या भाषांतर विभागाकडे पाठवावा, इंग्रजीतून असला तर मराठी करून देऊ, आणि मराठीत असला तर मराठीतून मराठी करून देऊ.

आता चर्चेला सुरुवात करू. मध्य प्रदेश, गुजरात, कर्नाटक व तेलंगण येथून आलेल्या साथींना विनंती आहे की त्यांनी प्रथम बोलावे, आणि आपल्या शहरात जकातीच्या बदल्यात मिळणारी रक्कम आज कोणत्या नावाने, किती व कधी मिळते, तेवढे आकड्यांसह सांगावे.